चाव्या कुणाकडे: संस्थेच्या पासवर्डांच्या नोंदी

सोमवार, १६ डिसेंबर २०२४

कार्यकारिणीने ठराव केला आणि काम माझ्याकडे आलं. संस्थेचे सगळे पासवर्ड एका सुरक्षित जागी आणायचे, त्यासाठी एक पासवर्ड मॅनेजर निवडायचा आणि जानेवारीअखेर सगळ्यांना तो वापरायला शिकवायचा.

घाईचं कारण सरळ आहे. समन्वयक दादा फेब्रुवारीपासून पुण्याला नव्या नोकरीवर रुजू होताहेत. शहाद्याच्या कार्यालयात आज पासवर्ड तीन ठिकाणी आहेत: हिशेबाच्या काकांची लाल वही, माझ्या संगणकावरची एक्सेल फाइल आणि दादांचा फोन. आयकर पोर्टलचा ओटीपी दादांच्या खासगी नंबरवर येतो. डोमेनचं नूतनीकरण त्यांच्या ईमेलवरून होतं. दादा भला माणूस, अर्ध्या रात्री फोन केला तरी ओटीपी सांगतील. पण संस्थेचं काम कुणाच्या भलेपणावर टांगून ठेवायचं नाही, असं अध्यक्ष ताईंनी बैठकीत स्पष्टच सांगितलं, आणि ते मला पटलं.

आज फक्त यादी केली. आयकर, टीडीएससाठी ट्रेसेस, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं दर्पण पोर्टल, बँक, कार्यालयाचा ईमेल, डोमेन, वनदाव्यांचे नकाशे ठेवलेला ड्राइव्ह, डिजिटल सहीच्या टोकनचा पिन, वायफाय. काकांच्या वहीची मागची पानं उलटली तर तिथे वेगळंच प्रकरण निघालं. पाड्यापाड्यांवरच्या विद्यार्थ्यांची महाडीबीटीची युजरनेम आणि पासवर्ड, पानंच्या पानं. शिष्यवृत्तीचे फॉर्म आम्ही भरून देतो, पोरं पासवर्ड विसरतात, म्हणून काका लिहून ठेवत आले. त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

बुधवार, १८ डिसेंबर

निवडीआधी गरजा ठरवल्या. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर नेट मिळेलच याची खात्री नाही, तेव्हा नेटशिवाय उघडलं पाहिजे. काकांना जमलं पाहिजे. दरवर्षीचा खर्च परवडला पाहिजे. एक माणूस गेला, आजारी पडला, तरी बाकीच्यांचं अडू नये. आणि उद्या हे साधन बंद झालं तर सगळा मजकूर बाहेर काढून दुसरीकडे नेता आला पाहिजे.

काकांनी विचारलं, "वहीत काय वाईट आहे ताई? वही कुणी इंटरनेटवरून चोरत नाही."

प्रश्न अगदी रास्त आहे. दूरवरच्या चोरासाठी वही हे खरंच चांगलं कुलूप आहे. अडचण दुसरी. वहीतून बघून टाइप करायचं असलं की माणूस सोपा पासवर्ड ठेवतो, आणि तोच पाच ठिकाणी वापरतो. त्यातली एक वेबसाइट फुटली की बाकी चारही उघड्या. चोरलेल्या याद्या घेऊन दुसरीकडे आपोआप लॉगिन करून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड मॅनेजरचा खरा उपयोग लक्षात ठेवण्यापेक्षा यात आहे: प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब, अर्थहीन पासवर्ड तो तयार करतो आणि माणसाला तो पाठ करायची गरजच ठेवत नाही. दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. बँकेच्या साइटसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट उघडली तर माणूस फसतो, मॅनेजर फसत नाही. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड पुढेच करत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. वही मात्र कपाटात परत गेली.

शुक्रवार, २० डिसेंबर

क्लाउडवाले, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर पासवर्ड ठेवणारे, पर्याय तपासले.

गूगलचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे, फुकट आहे. पण तो व्यक्तीच्या खात्याला चिकटलेला असतो. संस्थेचा पासवर्ड दादांच्या जीमेलमध्ये जाऊन बसतो, म्हणजे आज जी अडचण आहे तीच नव्या रूपात. बाद.

लास्टपास नको. २०२२ मध्ये चोरांनी त्यांच्या बॅकअपमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती पळवल्या. कंपनीने ते त्या वर्षी २२ डिसेंबरला जाहीर केलं. पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारे, होते, पण कोणती वेबसाइट हे उघड्या अक्षरांत होतं. तिजोरी एकदा चोराच्या हातात गेली की तो घरी बसून, कितीही वर्षं, ती उघडणाऱ्या मुख्य पासवर्डचे अंदाज लावू शकतो. त्या दिवसापासून ग्राहकाचा बचाव फक्त त्याच्या मुख्य पासवर्डच्या ताकदीवर उरतो. ही गोष्ट पुढे कोणतंही साधन घेतलं तरी लागू आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

वनपासवर्ड नेटका आहे, पण कायमचं फुकट असं काही त्यात नाही. बिटवॉर्डन मला मनापासून आवडलं. त्याचा कोड खुला आहे, एका माणसाला फुकट पुरतं, गट करून पासवर्ड वाटता येतात, आणीबाणीत ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्याला तिजोरी उघडून देण्याची सोय आहे. फुकटच्या गटात मात्र दोनच माणसं बसतात. पाच जणांसाठी टीम योजना घेतली तर माणशी महिना ४ डॉलर, म्हणजे वर्षाला २४० डॉलर. आजच्या भावाने २० हजारांच्या वर. रोजगार हमीची यंदाची मजुरी २९७ रुपये आहे. त्या हिशेबाने एका मजुराची दोन महिन्यांहून जास्त कमाई. देणगीदाराला हा खर्च दाखवता येईल, पण मला तो आधी स्वतःला पटवायचा आहे.

सोमवार, २३ डिसेंबर

कीपासएक्ससी बसवून पाहिलं. फुकट, कोड खुला, आणि सगळा कारभार एका फाइलीत. ती फाइल कूटबद्ध असते. ती आपल्या संगणकावर, पेनड्राइव्हवर, कुठेही ठेवा. खातं काढायचं नाही, कंपनीचा सर्व्हर नाही, नेट नाही. अँड्रॉइड फोनवर तीच फाइल कीपासडीएक्सने उघडते. कॉपी केलेला पासवर्ड दहा सेकंदांत क्लिपबोर्डवरून पुसला जातो, हे काकांना फार आवडलं. त्यांनी तीनदा करून बघितलं.

दोष दोन. पहिला: दोघांनी एकाच वेळी दोन प्रतींमध्ये बदल केले तर त्या प्रती जुळवत बसावं लागतं. प्रोग्राममध्ये दोन फाइली एकत्र करायची सोय आहे, पण ती रोज करायची गोष्ट नाही. उपाय म्हणून लिहिणारा एकच, वाचणारे अनेक, असं ठरवता येईल.

दुसरा दोष मोठा वाटतो: ज्याच्याकडे फाइल आणि मुख्य पासवर्ड आहे त्याचा हक्क काढून घेता येत नाही. बिटवॉर्डनमध्ये एक बटण दाबून माणूस गटातून काढता येतो. दिवसभर यावर विचार केला, आणि मला वाटतं ते बटण जितकं दिलासा देतं तितकं काम करत नाही. ज्याने पासवर्ड एकदा पाहिला, त्याच्या डोक्यातून किंवा कागदावरून तो कोणतंच बटण पुसत नाही. माणूस गेला की ज्या ज्या पोर्टलचा पासवर्ड त्याला माहीत होता तो त्या पोर्टलवर जाऊन बदलणं, हाच एक खरा मार्ग. तो दोन्हीकडे सारखाच करावा लागतो. म्हणजे निवडीपेक्षा ही शिस्त महत्त्वाची.

शुक्रवारी काकांसोबत सविस्तर चाचणी.

शुक्रवार, २७ डिसेंबर

चाचणी झाली नाही. काल रात्री बातमी आली, डॉ. मनमोहन सिंग गेले. घरी अचानक शुद्ध हरपली, आठच्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये आणलं, ९ वाजून ५१ मिनिटांनी मृत घोषित केलं. वय ९२. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा आहे.

सकाळी कार्यालयात सगळे जमले, पण कुणाचाच कामाला हात लागेना. अध्यक्ष ताई म्हणाल्या, बसू या थोडं. बसलो.

टीव्हीवर सगळीकडे १९९१ चालू आहे. ते मोठंच होतं. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलेलं असताना अर्थमंत्रिपद घेणं आणि २४ जुलैचा तो अर्थसंकल्प मांडणं. पण शहाद्यातून हा माणूस वेगळा दिसतो. आमच्या कपाटातल्या फायलींवर नजर टाकली तर त्यातल्या बहुतेक फायली ज्या कायद्यांवर उभ्या आहेत ते त्यांच्या पहिल्या पाच वर्षांतले. माहितीचा अधिकार, १२ ऑक्टोबर २००५ पासून. रोजगार हमी, त्याच वर्षीचा कायदा, २ फेब्रुवारी २००६ ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून सुरुवात. वनहक्क कायदा, संसदेत डिसेंबर २००६ मध्ये मंजूर, नियम १ जानेवारी २००८ चे.

हे एकट्याचं श्रेय नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोजगार हमीचं मूळ महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळात आणि वि. स. पागे यांच्या ध्यासात आहे. माहिती अधिकारामागे राजस्थानातल्या मजुरांची लढाई आहे, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा आहे. वनहक्कासाठी तर सातपुड्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मार खात आली. शिवाय सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखालची राष्ट्रीय सल्लागार परिषद होती, बाहेरून पाठिंबा देणारे डावे होते. तरीसुद्धा मला वाटतं, अर्थशास्त्रातला एवढा जाणता माणूस सरकारच्या शेंड्यावर बसलेला असताना, खजिन्यावर भार टाकणारे आणि सरकारलाच जाब विचारणारे कायदे त्याच्या नावावर होतात, यात त्याचा वाटा आहेच. सत्तेत बसून सत्तेची चावी दुसऱ्याच्या हातात देणारे थोडेच असतात.

काका एरवी कमी बोलतात. आज बोलले. पूर्वी मस्टर, म्हणजे मजुरांच्या हजेरीचा पट, बघायला मिळावं म्हणून तहसीलवर मोर्चा न्यावा लागायचा, आणि मस्टर दिसलं तरी हातात घ्यायचं नाही, लांबून बघायचं. कायदा आल्यावर त्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून पहिला अर्ज दिला. उत्तर आलं तेव्हा त्यात मेलेल्या माणसांच्या नावावर हजेरी होती. "दहा रुपयांत," काका म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

मग त्यांनी कपाटातून एक वनहक्क पट्टा काढला. झेरॉक्सच आहे, मूळ प्रत कुटुंबाकडे. नवऱ्याचं नाव, त्याच्याशेजारी बायकोचंही. कायद्यातच तसं आहे, पट्टा दोघांच्या नावाने. खाली क्षेत्र, चतुःसीमा, एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला वनविभागाची हद्द. त्या बाईंना मी ओळखते. हातात पट्टा आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं होतं. वाचता येत नाही, पण कुठलं नाव आपलं ते त्यांनी आधी विचारून घेतलं होतं.

आदर वाटतो म्हणून उणं लिहायचं नाही असं नाही. २००६ मध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळाने फायलीवरचे शेरे माहिती अधिकारातून वगळायचा घाट घातला होता. ऑगस्टमध्ये आळंदीत अण्णा हजारे उपोषणाला बसले, देशभर निषेध झाला, आणि ती दुरुस्ती तेव्हा बारगळली. दुसऱ्या पाच वर्षांत घोटाळ्यांच्या बातम्यांनी सरकार घेरलं गेलं आणि त्यांचं मौन लोकांना खटकलं, मलाही खटकलं. पण ऑगस्ट २००५ मध्ये १९८४ च्या शीख हत्याकांडाबद्दल राज्यसभेत उभं राहून देशाची माफी मागणारेही तेच. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, नव्वदी ओलांडलेली असताना, दिल्लीच्या विधेयकावर मत द्यायला व्हीलचेअरवरून राज्यसभेत आलेलेही तेच.

शनिवार, २८ डिसेंबर

आज दिल्लीत निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. टीव्ही लावून ठेवला होता.

दुपारी टेंभलीचा विषय निघाला, निघणारच होता. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. डॉ. सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. काका त्या गर्दीत होते. त्यांना लांबून निळी पगडी तेवढी दिसली.

हा विषय माझ्या कामाशी इतका जवळून जोडलेला आहे की तो इथेच लिहिते. बारा आकडी क्रमांक गरिबाला ओळख देईल, मधला दलाल जाईल, हा त्यामागचा विचार होता. मला त्यातला हेतू खरा वाटतो. ज्या माणसाकडे दाखवायला एक कागद नव्हता त्याच्यासाठी तो क्रमांक ही मोठी गोष्ट होती. पण पासवर्डांचं काम करताना एक फरक रोज डोळ्यांपुढे येतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे करून, लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. आणि ज्याचा अंगठा ऊसतोडीने, दगडमातीने झिजला आहे त्याचा खरा अंगठाही मशीनला पटत नाही. यंदा १ जानेवारीपासून रोजगार हमीची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातूनच देणं बंधनकारक झालं. तेव्हापासून बँकेत आणि पंचायत समितीत आमच्या दादांचे किती दिवस गेले ते त्यांनाच विचारावं.

बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. ती आम्ही आता प्रशिक्षणात सांगणार. पण लॉक केलं की बँक मित्राकडे अंगठ्यावर पैसे निघत नाहीत, आधी उघडावं लागतं, आणि उघडायला फोन आणि नेट हवं, नाहीतर आधार केंद्र गाठावं लागतं. म्हणजे जो खबरदारी घेईल त्यालाच त्रास. हे मला पटत नाही, आणि यावर माझ्याकडे नीटसा उपायही नाही.

सोमवार, ३० डिसेंबर

गेले दोन-तीन दिवस डोक्यात घोळत होतं ते आज बैठकीत मांडलं. कोणता मॅनेजर घ्यायचा याआधी ठरवायला हवं की त्यात काय ठेवायचं नाही.

काकांच्या वहीतले विद्यार्थ्यांचे पासवर्ड मॅनेजरमध्ये जाणार नाहीत. ते आमचे नाहीत. मॅनेजर चांगला, फाइल कूटबद्ध, हेतू सेवेचा, सगळं खरं. तरीही त्या मुलाच्या खात्याची चावी आमच्याकडे राहिली की शिष्यवृत्तीसाठी त्याला दरवेळी शहाद्याला यावं लागतं. तो आमच्यावर अवलंबून राहतो, आणि आम्हाला त्याची सवय लागते. मस्टर लोकांना दिसलं पाहिजे म्हणून भांडणाऱ्या संस्थेने लोकांच्या चाव्या स्वतःच्या कपाटात ठेवू नयेत.

काकांना हे लागलं. "मी काय त्यांचं वाईट केलं?" असं त्यांनी विचारलं. त्यांनी वाईट काहीच केलेलं नाही. त्या वहीमुळे कितीतरी मुलांची फी भरली गेली, कितीतरी मुली कॉलेजात टिकल्या, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. समन्वयक दादांनी मधला मार्ग काढला: पासवर्ड एकदम फाडून टाकायचे नाहीत, प्रत्येक मुलाला बोलावून त्याच्याच हाताने नवा पासवर्ड ठेवायला शिकवायचं, आणि मग वहीतली ती ओळ त्याच्यासमोर खोडायची. ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे त्याच्या फोनमध्येच साठवायचा. नसेल तर एका कार्डावर लिहून त्याच्याच हातात द्यायचा. सुरुवातीला ज्या कागदाविरुद्ध मी बोलले तोच कागद, पण आता तो ज्याचा त्याच्याकडे असेल.

काकांनी मान्य केलं. वही खोडायचं काम मीच करणार, असंही म्हणाले.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

निवड झाली: कीपासएक्ससी. कारणं थोडक्यात. नेट लागत नाही. खर्च नाही. फाइल संस्थेच्या मालकीची. उद्या दुसरीकडे जायचं तर मजकूर बाहेर काढता येतो. बिटवॉर्डन वाईट म्हणून नाकारलेलं नाही. माणसं वाढली आणि पाड्यांवर नेट आलं तर पुन्हा विचार करू, असं ठरावात लिहून घेतलं.

फाइली दोन. एक रोजच्या कामाची, ती पाचही जणांकडे. दुसरी पैशांची: बँक, आयकर, ट्रेसेस, टोकनचा पिन. ती फक्त काका, ताई आणि माझ्याकडे. बँकेच्या बाबतीत प्रत्येकाचं लॉगिन ज्याचं त्याचं. एकाचं लॉगिन दुसऱ्याने वापरायचं नाही. टोकनचा पिन लागोपाठ चुकला की टोकनच लॉक होतं, म्हणून तो फाइलीतून बघूनच टाकायचा, अंदाज नाही.

ओटीपीसाठी संस्थेच्या नावाने सिम घेतलं. ते साध्या फोनमध्ये, कार्यालयातच राहील. आयकर पोर्टलवर नंबर बदलायला दादा आज थांबले आणि काम झालं. ईमेलचे आणीबाणीचे कोड छापून पाकिटात, ते पाकीट ताईंच्या कपाटात. पासवर्ड आणि ओटीपी एकाच फाइलीत ठेवायची सोय प्रोग्राममध्ये आहे, पण ती वापरायची नाही. दोन कुलपं लावून दोन्ही चाव्या एकाच खिळ्याला अडकवण्यात अर्थ नाही.

सोमवार, ६ जानेवारी

मुख्य पासवर्ड. यावर पूर्ण दिवस घालवला, आणि घालवायलाच हवा होता, कारण फाइल कधी चोरीला गेली तर शेवटी यावरच सगळं आहे.

माणसाने मनाने निवडलेला पासवर्ड कमजोर असतो. गावाचं नाव, पोराचं नाव, जन्मसाल, शेवटी उद्गारचिन्ह. हे अंदाज लावणाऱ्या प्रोग्रामला आधीच माहीत असतं. त्यापेक्षा फासे टाकून शब्द निवडायचे. इंग्रजीत त्यासाठी ७७७६ शब्दांची यादी वापरतात, पाच फाशांनी एक शब्द. आमच्यातल्या निम्म्यांना ते इंग्रजी शब्द पाठ होईनात. म्हणून आम्ही आपली यादी केली, १२९६ शब्दांची, चार फाशांना एक शब्द. शेतीचे शब्द, भांडी, झाडं, नाती, अवजारं: तिफण, उखळ, पळस, आतेभाऊ, रवंथ. यादी कुणाच्या हाती पडली तरी बिघडत नाही. ताकद शब्द गुपित असण्यात नसते, फासे कसे पडले ते गुपित असण्यात असते. सात शब्द घेतले तर सहावर एकवीस शून्यं इतक्या शक्यता होतात. आमच्यासाठी पुरेशा.

एक अडचण आली. पासवर्ड देवनागरीत ठेवायचा नाही, कारण वेगवेगळ्या कीबोर्डवर तेच अक्षर आतून वेगळ्या पद्धतीने लिहिलं जाऊ शकतं आणि फाइल उघडत नाही. रोमनमध्ये लिहायचं तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. काका 'ळ' साठी एक अक्षर लिहितात, दादा दुसरं. शेवटी यादीतच प्रत्येक शब्दापुढे रोमन स्पेलिंग छापलं, आणि ज्यांवर वाद झाला ते शब्द काढून दुसरे घातले.

सापशिडीच्या डब्यातले फासे घेऊन ताई, काका आणि मी बसलो. ताईंनी टाकले, मी आकडे वाचले, काकांनी यादीत शब्द शोधले. सात शब्द झाल्यावर काकांना त्यात एक वाक्य दिसायला लागलं आणि त्यांना ते दहा मिनिटांत पाठ झालं. एक प्रत कागदावर, बंद पाकिटात, पाकिटावर तिघांच्या सह्या, बँकेच्या लॉकरमध्ये. आकड्यांचा कागद चुलीत.

बुधवार, ८ जानेवारी

३ तारखेला केंद्र सरकारने वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. हरकती-सूचनांची मुदत १८ फेब्रुवारी. कायदा २०२३ चा.

आमच्या वहीच्या दृष्टीने तो बरोबर आहे. कुणाची माहिती का घेतली ते सांगा, संमती घ्या, काम झालं की पुसा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती. ३० तारखेला आम्ही जे ठरवलं ते याला धरूनच आहे.

पण त्याच कायद्याचं कलम ४४(३) माहिती अधिकार कायद्यातल्या, वैयक्तिक माहितीबद्दलच्या कलम ८(१)(जे) ला हात घालतं. आज वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावं लागतं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावीच लागते. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे. नवं कलम लागू झालं की हे सगळं जाऊन 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरेल. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग राहतो, पण पहिल्याच टेबलावर नकार देणं सोपं होईल. मस्टरवरची नावं वैयक्तिक माहितीच आहेत. काकांच्या त्या पहिल्या अर्जाला उद्या काय उत्तर येईल? मेलेल्या माणसाची हजेरी कुणाच्या खासगीपणासाठी झाकायची?

मुलाचा पासवर्ड त्याचा एकट्याचा. मस्टर सगळ्या गावाचं. या दोन गोष्टी एका शब्दाखाली घालणं मला घातक वाटतं. रोजगार हमी कायद्याचं कलम १७ ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे कामांचा हिशेब गावानेच तपासण्याचा, अधिकार देतं, आणि ते अंकेक्षण नावांशिवाय होत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

प्रशिक्षण झालं. पाचही जणांचं रोजचं काम आता फाइलीतून चालतं. काका लाल वही न उघडता ट्रेसेसवर गेले आणि टीडीएसचं काम पुरं करून आले.

विद्यार्थ्यांचं काम सुरू झालं आहे. संक्रांतीच्या सुट्टीत घरी आलेली मुलं आधी बोलावतोय. आज अकरावीतली एक मुलगी आली होती. तिला फासे आणि यादी दिली. तिने चार शब्द निघाल्यावर विचारलं, हे तुम्हाला दिसतंय, मग हे गुपित कसं? बरोबर होतं. तिला दुसऱ्या खोलीत बसवलं, तिने तिथे पुन्हा फासे टाकले आणि पासवर्ड बदलून आली. पुढच्या सगळ्यांसाठी आता हीच पद्धत: आमचा माणूस खोलीबाहेर.

राहिलेलं: डोमेन दादांच्या ईमेलवरून संस्थेच्या ईमेलवर आणणं, दादा गेल्यावर त्यांना माहीत असलेला प्रत्येक पासवर्ड बदलणं, त्याची यादी त्यांनीच करून दिली आहे, दोन्ही फाइलींची पेनड्राइव्हवरची प्रत दर महिन्याच्या एक तारखेला. हरकतींचं पत्र मी लिहायला घेतलं आहे. नियमांबद्दलचे मुद्दे आधी, कलम ४४(३) चा मुद्दा स्वतंत्र जोडपत्रात, सोबत काकांच्या जुन्या अर्जाच्या उत्तराची प्रत, खासगी तपशील झाकून. जिल्ह्यातल्या आणखी संस्थांच्या सह्या घ्यायला ताई शुक्रवारी नंदुरबारला जाणार आहेत.